उरलेल्या पावलाचे जतन

मधुमेहामुळे पायाचे बोट किंवा पावलाचा पुढील भाग काढावा लागला, की सारे घर खचते. वास्तविक तो भाग काढला जातो उरलेला पाय वाचविण्यासाठी. टाच व घोटा शाबूत असले, तर माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढू शकतो. मात्र शस्त्रक्रियेने मूळ दुखणे जात नाही. वाढलेल्या साखरेने मज्जातंतू बधिर आणि रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात; खडा रुतला तरी कळत नाही.

१९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी तेथे कुष्ठरुग्णांवर उपचार करताना हेच ओळखले होते. बधिर पाऊल आपोआप झडत नाही. न जाणवलेल्या दाबाने व इजेने ते झिजते. पुढे हाच विचार मधुमेहींच्या पावलांनाही लागू पडला.

अंगठा गेला, की त्याचा भार शेजारच्या बोटांवर आणि चवड्याच्या हाडांवर पडतो. तेथे घट्टा धरतो व त्याखाली नवी जखम होते. म्हणूनच पहिली जखम भरेपर्यंत, कित्येक आठवडे किंवा महिनेही, डॉक्टर सांगतील तितकाच भार त्या पायावर द्यावा. गादीवर परतण्याची घाई येथे फार महाग पडते. रक्तपुरवठा तपासून घ्यावा, तंबाखू कायमची सोडावी. जखम भरण्यास प्रथिने लागतात. डाळी, दही, पनीर आहारात असावे. या काळात उपवास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नये.

पुढे चालण्यासाठी मऊ एम.सी.आर. रबराच्या तळाचे, रुंद, मागे पट्टा असलेले पादत्राण हवे. गेलेल्या भागाच्या जागी त्यात भराव घालून घ्यावा. ते चामड्यावाचून, कापड किंवा रेक्झिनमध्येही बनविता येते. मंदिराची तापलेली फरशी बधिर तळव्याला भाजते आणि ते उमगतही नाही. दर्शनास सकाळी लवकर जावे, स्वच्छ जाड मोजे घालावेत.

दुकान वाढविल्यावर जसा रोजमेळ मांडला जातो, तसे रोज रात्री दोन्ही तळवे आरशात पाहावेत. नजर अधू असेल, तर पत्नीने, सुनेने किंवा नातवाने पाहावेत. लाली, ऊब, भेग, ओल यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घट्टा घरी ब्लेडने कापू नये. गरम पाण्यात पाय थेट बुडवू नये.

ईर्यासमिती पाहून पाऊल टाकण्यास शिकविते, ती इतर जीवांच्या रक्षणासाठी. ज्याच्या तळव्यांची जाणीव हरपली आहे, त्याचे स्वतःचे पाऊलही त्याच सावध नजरेने राखले जाते. दुसरा, धडधाकट दिसणारा पायही तितकाच धोक्यात असतो. त्याची निगा आजपासूनच घ्यावी.