तुकाराम नावाची माणसं

तळवड्याहून देहूच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना लेथ मशीन आणि पावडर कोटिंगची वर्कशॉप्स लागतात. इंद्रायणी इथून हाकेच्या अंतरावर. या पट्ट्यात तुकाराम नावाचा एक तरी आजोबा किंवा चुलता बहुतेक घरांत सापडतो. हे नाव देहूच्या पुढे कुठवर गेलं, कुणी कसं पेललं, हे मागे वळून पाहावंसं मला फार दिवस वाटत होतं.

पहिले अर्थातच तुकोबा. घरात महाजनकी, वाण्याचं दुकान, सावकारी. १६३०च्या दुष्काळाने सगळं धुऊन नेलं. पुढे कर्जखतं इंद्रायणीत सोडताना त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबांचा वाटा त्याच्या हाती दिला आणि फक्त आपल्या वाट्याची खतं बुडवली, असं परंपरा सांगते. विरक्तीच्या भरातही भावाचा हिशेब चोख, म्हणून मला हा प्रसंग चमत्कारांहून मोठा वाटतो. शूद्राने वेदार्थ सांगू नये, असं म्हणत त्यांची गाथा डोहात बुडवायला लावली. चाकणच्या संताजी जगनाडे यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी अभंग उतरवून ठेवले.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत तुकाराम तात्या पडवळ झाले. जातिभेदावर कोरडे ओढणारं ‘जातिभेद विवेकसार’ त्यांनी १८६१मध्ये काढलं, तेव्हा लेखक म्हणून छापलं होतं ‘एक हिंदू’. पुढे याच माणसाने आठ हजारांहून अधिक अभंगांची गाथा छापली. त्यातले सगळे तुकोबांचे नाहीत, अभ्यासक त्यावर वाद घालत आले आहेत. पण जिथे जो अभंग मिळाला तो गोळा करण्याचा हा सोस मला मोलाचा वाटतो.

त्याच मुंबईत जावजी दादाजींनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यामागे कारभार मुलाकडे आला, त्याचं नाव तुकाराम. निर्णयसागरची जुनी संस्कृत पुस्तकं उघडून पाहा: उपनिषदं, काव्यं, नाटकं, आणि मुखपृष्ठावर प्रकाशक तुकाराम जावजी. ज्या नावाच्या माणसाला वेदार्थ सांगायची बंदी होती, तेच नाव काशीपासून युरोपपर्यंतच्या पंडितांच्या टेबलावर गेलं. हे पान पाहिलं की मला भरून येतं.

वाटेगावच्या तुकाराम भाऊराव साठे यांना जग अण्णा भाऊ म्हणून ओळखतं. जन्म १ ऑगस्ट १९२०, मातंग कुटुंबात. शाळा जेमतेम दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, १९४४मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. ‘फकिरा’ १९५९ची. तुकोबांप्रमाणे त्यांनीही आपली माणसं आपल्याच बोलीत उभी केली. आमच्या निगडीत शिवराय आणि तुकोबांच्या भेटीचं भक्तिशक्ती शिल्प आहे आणि अण्णा भाऊंचा पुतळाही. एकाच उपनगरात दोन तुकाराम! पहिल्यापाशी वारीत पालखी येते, दुसऱ्यापाशी १ ऑगस्टला गर्दी होते. दोन्हीकडे माथा टेकणारे लोक बरेचसे तेच असतात.

शेवटचे तुकाराम ओंबळे. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, आधी लष्करात, मग मुंबई पोलिसांत. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, त्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर हातात फक्त लाठी. गाडीतून उतरलेल्या दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडलं. दहा हल्लेखोरांपैकी तो एकटाच जिवंत हाती लागला, आणि कट कुठे शिजला हे त्याच्याच तोंडून न्यायालयासमोर आलं. २००९मध्ये ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. २०२१मध्ये ठाणे परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला संशोधकांनी त्यांच्या नावावरून ‘आयसियस तुकारामी’ म्हटलं.