गाडी उभी का आहे?

लघुरेल्वेच्या मांडणीत, म्हणजे लेआउटमध्ये, एक विसंगती जन्मजात असते. आगगाडी चालते आणि तिच्याभोवतीचं सगळं जग थांबलेलं असतं. डोंगर, घरं, झाडं, पाण्याची टाकी यांचं त्यामुळे काही बिघडत नाही, कारण ती खऱ्या जगातही जागची हलत नाहीत. बिघडतं ते मोटारींचं. चौकाच्या मधोमध एक बस उभी आहे, तिच्यामागे दोन टॅक्स्या, वळणावर एक ट्रक आणि यातलं काहीच पुढे सरकत नाही. आगगाडी दुसऱ्यांदा फेरी मारून येते तेव्हा बघणाऱ्याच्या हे ध्यानात आलेलं असतं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलं आहे त्यांना नजरेची ही सवय ठाऊक असेल. नजर आधी आगगाडीमागे धावते आणि मग सावकाश रस्त्यांवर उतरते. त्या दुसऱ्या नजरेपुढे टिकेल असं मोटारींचं दृश्य उभं करणं हे अमेरिकेतल्या हौशी कारागिरांचं एक वेगळंच काम होऊन बसलं आहे आणि त्यांच्या आवडीचा विषय म्हणजे १९५० च्या दशकातलं मोटारविक्रीचं दुकान. शोरूम, बाजूला सेकंडहँड गाड्यांचं मैदान, मागे गॅरेज. हे दृश्य इतकं पसंत का पडतं, याचं नेहमीचं उत्तर त्या जमान्यातल्या गाड्यांचं देखणेपण हे आहे. मला ते अपुरं वाटतं. हे दृश्य जमतं, कारण लेआउटवरच्या इतर बहुतेक जागांच्या उलट इथे गाडी उभी असणं हाच धंदा आहे. आणि ते जेव्हा फसतं तेव्हा बहुतेकदा हात कमी पडलेला नसतो. एखादी गाडी तिथे का उभी आहे, हा प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो.

याचा उत्तम पुरावा लघुरेल्वेच्या बाहेर, एका छायाचित्रात आहे. नॉरफोक अँड वेस्टर्न ही अमेरिकेत वाफेची इंजिनं अगदी शेवटपर्यंत, १९६० पर्यंत चालवणाऱ्या मोठ्या रेल्वेंपैकी एक. ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने तिचे अखेरचे दिवस रात्रीच्या वेळी, फ्लॅशच्या दिव्यांच्या रांगा लावून टिपले. त्यांचं १९५६ चं ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ हे चित्र वेस्ट व्हर्जिनियातल्या ड्राइव्ह-इन सिनेमाचं आहे. गाड्यांच्या रांगा पडद्याकडे तोंड करून उभ्या आहेत, पुढच्या उघड्या गाडीत एक जोडपं बसलं आहे आणि मागून वाफ सोडत मालगाडी निघाली आहे. पुढची गाडी खुद्द लिंक यांची ब्यूक होती. म्हणजे दृश्य चक्क रचलेलं होतं. तरी ते रचलेलं वाटत नाही. गाड्या थांबल्या आहेत कारण सिनेमा चालू आहे, मालगाडी धावते आहे कारण तिला सिनेमाशी कर्तव्य नाही. लघुरेल्वेला हीच वाटणी हवी असते. रेल्वे फाटकापाशी खोळंबलेल्या मोटारी हे लेआउटवरचं सर्वांत लाडकं दृश्य, पण ते अर्धाच वेळ खरं असतं. आगगाडी निघून जाते, फाटक उघडतं आणि मोटारी तशाच खोळंबलेल्या राहतात.

मोटारींच्या दुकानाला ही अडचण नाही, पण त्याच्या अटी कडक आहेत. समजा लेआउट १९५७ च्या उन्हाळ्यातल्या एखाद्या लहान गावाचा आहे आणि दुकान शेव्हरोलेचं आहे. शोरूमच्या काचेमागे फक्त त्या वर्षाच्या शेव्हरोले असतील. दुसरी कंपनी नाही, दुसरं वर्ष नाही. बाजूच्या मैदानात चित्र उलटं होतं. लोक जुनी गाडी देऊन नवी घेतात, म्हणून तिथे फोर्ड असेल, नॅश असेल, प्लिमथ असेल. पुढच्या ओळीत दोन-तीन वर्षांच्या धुऊन-पुसून ठेवलेल्या, मागच्या ओळीत सात-आठ वर्षांच्या आणि एखाद-दुसरी त्याहून बरीच जुनी, किंमत पुढच्या काचेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेल्या. गॅरेजच्या दाराशी याहून म्हाताऱ्या गाड्या, कारण दुरुस्तीला त्याच जास्त येतात. म्हणजे रस्त्याकडून मागे चालत गेलं की वर्षं मागे जातात. या उतरंडीत एक भगदाडही आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धापायी अमेरिकेत नागरी मोटारींचं उत्पादन थांबलं आणि १९४५ च्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. मागच्या ओळीत १९४१ ची गाडी चालेल, क्वचित १९४२ ची, १९४६ ची चालेल, १९४३ ते १९४५ या सालांची मात्र मिळायचीच नाही. त्यातही १९४६ च्या बहुतेक गाड्या थोडा चेहरा बदललेल्या १९४२ च्याच होत्या. हे सगळं ठाऊक असलेल्या कारागिराचं मैदान वीस सामान्य मॉडेलांनीही भरलेलं दिसतं. ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडे वीस उत्तम मॉडेलं असूनही ते खेळण्यांच्या दुकानातल्या कपाटासारखं दिसतं.

कपाटासारखं दिसण्याचं एक कारण बाजारातही आहे. लघुरेल्वेच्या प्रमाणात तयार मिळणाऱ्या गाड्यांमध्ये देखण्या गाड्यांची गर्दी असते. १९५७ ची बेल एअर कन्व्हर्टिबल, तीही लाल, हौशी माणसाकडे हमखास सापडते. प्रत्यक्षात शेव्हरोलेने त्या वर्षी पंधरा लाखांच्या आसपास गाड्या बनवल्या आणि त्यांत बेल एअर कन्व्हर्टिबल सुमारे ४७ हजार होत्या, म्हणजे शंभरात तीन-चार. बाकी गावभर दिसत होत्या त्या चार दारांच्या, फिक्या निळ्या, करड्या, मळकट हिरव्या, कुटुंब वाहून नेणाऱ्या. लहान गावातल्या शोरूममध्ये एक कन्व्हर्टिबल शोभते; गिऱ्हाइकाला आत ओढायला दुकानदारही ती दर्शनी ठेवीलच. तिसरी दिसली की ते दुकान कुठल्याच गावाचं राहत नाही.

आता हाताच्या कामाकडे वळू. २०० इंच लांबीची बेल एअर १:८७ मध्ये, म्हणजे एचओ स्केलमध्ये, ५८ मिलिमीटर भरते. उभा माणूस वीस मिलिमीटर. बारा इंच बाय सहा इंच ही नंबरप्लेट, जी १९५६ च्या सुमारास अमेरिकेत सर्वत्र एका मापाची झाली, साडेतीन बाय पावणेदोन मिलिमीटर होते. तीवर आकडे उमटवणारे लोक आहेत आणि त्यांच्या डोळ्यांना नमस्कार. पण शोरूममधल्या न विकलेल्या गाडीला नंबरप्लेट नसतेच, हे कळलं तर अर्धी मेहनत वाचते. काचेचं गणित याहून बोलकं आहे. शोरूमच्या दर्शनी भिंतीसाठी पाव मिलिमीटरचा पारदर्शक प्लास्टिक पत्रा वापरतात. हाताला तो कागदासारखा लागतो, पण ८७ पट केल्यावर ती बावीस मिलिमीटर जाडीची काच होते. म्हणून जाणते कारागीर त्याची कड कधी उघडी ठेवत नाहीत, चौकटीत दडवतात. चकाकीचंही तसंच. लेआउटवर सगळ्या गाड्यांची चमक मारण्यासाठी मॅट वॉर्निशचा हात देतात, कारण एवढ्याशा वस्तूवर पुरी चकाकी प्लास्टिकची आठवण करून देते. या नियमाला अपवाद करण्याची हक्काची जागा म्हणजे शोरूम. मैदानातल्या पुढच्या ओळीला अर्धी चमक, मागच्या ओळीला अजिबात नाही, गॅरेजपाशी चाकांच्या कमानींवर पातळ मातकट रंग. टायर खालच्या बाजूने कानशीने किंचित सपाट केले की गाडीला वजन येतं. शोरूमच्या छताला थंड पांढरा उजेड हवा, कारण तिथे ट्यूबलाइट होत्या. मैदानावरच्या बल्बच्या माळा पिवळसर हव्यात. उजेडाचे हे दोन रंग शेजारी-शेजारी आले की जे साधतं ते दहा जादा गाड्यांनी साधत नाही. यातली एकही गोष्ट अवघड नाही. प्रत्येकीमागे मात्र दुकान कसं चालतं याची माहिती आहे.

यावर पहिला आक्षेप असा की थांबलेली मोटार हाच दोष असेल तर मोटारच चालवा. जर्मनीच्या फालर कंपनीने १९८९ मध्ये ते करून दाखवलं. रस्त्याखाली लोखंडी तार पुरायची, मोटारीच्या पुढच्या चाकांना जोडलेलं चुंबक त्या तारेमागे जातं आणि मोटार आपोआप वळते. हॅम्बुर्गमध्ये २००१ साली सुरू झालेल्या मिनियाटूर वुंडरलँडमध्ये संगणकाच्या ताब्यात चालणाऱ्या मोटारी सिग्नलला थांबतात आणि ब्लिंकर लावून वळतात. ते बघण्यासारखं आहे, यात वाद नाही. पण बॅटरी आणि मोटर मावायला पोट लागतं, म्हणून या प्रमाणात चालतात ते बहुतेक ट्रक आणि बस. पाच-सहा सेंटिमीटरच्या बेल एअरमध्ये ते सगळं कोंबणं हा वेगळाच खटाटोप. शिवाय घरच्या लेआउटवर रस्ता लहान, त्यामुळे तोच दुधाचा ट्रक दर मिनिटाला दुकानावरून जातो. न चालणाऱ्या मोटारीचं खोटेपण जाऊन त्याच त्या चालीचं खोटेपण येतं. आणि समजा सगळं जमलं, तरी चालत्या गाड्यांच्या गावातही बऱ्याच गाड्या उभ्या असणारच. त्या का उभ्या आहेत, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

दुसरा आक्षेप रेल्वेवाल्यांचा आणि तो जास्त वजनदार आहे. लेआउट रेल्वेचा, त्यावर मोटारीच्या दुकानाने दोन हात जागा का अडवावी? शंभर फूट रुंदीचं दुकानही ३५ सेंटिमीटर खातं. याचं उत्तर वर्षावर अवलंबून आहे आणि म्हणूनच ते मला पटतं. युद्धाआधी आणि नंतर काही वर्षं नव्या मोटारी रुंद दाराच्या बंद वाघिणींतून यायच्या. आत इव्हान्स पद्धतीचे लोखंडी सांगाडे असत. एक मोटार तिरकी उचलून धरायची, दुसरी तिच्याखाली ढकलायची, अशा चार मोटारी एका वाघिणीत. त्या काळाच्या लेआउटवर दुकानाजवळच्या सायडिंगला ती वाघीण लागलेली दाखवली की दुकान रेल्वेचंच गिऱ्हाईक ठरतं. पन्नासच्या दशकात हा धंदा ट्रकांनी जवळजवळ पुरता ओढून नेला. म्हणजे १९५७ च्या लेआउटवर नव्या गाड्या उतरवणारा लांब ट्रक हवा. त्याच्या मागून जाणारी मालगाडी काय गमावून बसली आहे हे जाणकाराला आपोआप दिसतं. १९६० पासून तीन मजली उघड्या वाघिणी आल्या, एकेकीवर बारा ते पंधरा मोटारी, आणि रेल्वेने तो माल परत मिळवला. पण आता मोटारी मोठ्या शहराबाहेरच्या आवारात उतरू लागल्या, गावातल्या सायडिंगला नव्हे. (सत्तरच्या दशकात शेव्हरोलेच्या वेगा मोटारी नाक खाली करून उभ्या टांगून, एका वाघिणीत तीस अशा नेत. त्यासाठी इंजिनातलं तेल आणि बॅटरीतलं आम्ल सांडू नये म्हणून मोटारीच्या रचनेतच बदल केले होते. लेआउटवर कुणी हे केलं तर बघणारा म्हणेल, काहीतरी चुकलंय.)

राहिला तिसरा आक्षेप: एवढं बघतो कोण? सत्तावन्नची गाडी आणि अठ्ठावन्नची गाडी यात फरक कळणारे उरलेत किती? पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेत हा फरक कळावा म्हणूनच गाड्या बदलत होत्या. जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांच्या काळात दरवर्षी नवा चेहरा हे विक्रीचं सूत्र झालं. शेव्हरोलेचा सांगाडा १९५५ ते ५७ तीन वर्षं मूळचा तोच राहिला, जाळी आणि शेपटाकडचे पंख बदलत गेले. १९५८ मध्ये पुढच्या दिव्यांची जोडी जाऊन चार दिवे आले. नवं मॉडेल जाहीर होईपर्यंत दुकानदार शोरूमच्या काचा कागदाने झाकून ठेवत आणि शेजारपाजारचे लोक फटीतून डोकावत. ज्या पिढीला या वर्षांची अशी शिकवण मिळाली ती आणि तिच्याकडून गोष्टी ऐकलेले लोकच हे लेआउट बांधतात आणि बघतात. बाकीच्यांना फरक नावाने कळत नाही हे मान्य. तरी ज्या मैदानात सगळ्या गाड्या सारख्याच नव्या, सारख्याच चकचकीत आहेत तिथे त्यांचीही नजर रेंगाळत नाही. आणि कुणी म्हणेल की मला माझ्या आवडीच्या वीस गाड्या मांडायच्या आहेत, वर्षाशी मला देणंघेणं नाही, तर त्याला माझा विरोध नाही. लेआउटवर जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांचा मेळा भरवावा. तिथे १९३२ ची फोर्ड आणि १९६९ ची कमॅरो शेजारी उभ्या राहू शकतात, झाकण उघडं टाकून. फक्त मग रुळावर त्या मेळ्याच्या काळातलं इंजिन हवं.

या साऱ्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते: गाड्या कायमच्या चिकटवू नयेत. चाकाखाली काढता येणाऱ्या पुटीचा ठिपका पुरतो. १९५७ च्या शेव्हरोले ऑक्टोबर १९५६ मध्येच दुकानात आल्या होत्या, म्हणून झाडं पिवळी असलेल्या लेआउटवर शोरूममध्ये सत्तावन्नच्या गाड्या असतील तर शरद ऋतू छप्पन्नचा समजायचा आणि मैदानाच्या कोपऱ्यात न खपलेल्या दोन-तीन छप्पन्नच्या नव्या गाड्या, किंमत उतरवून, ठेवायच्या. १९५८ च्या कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा छापील कागद लावणं सक्तीचं झालं. लेआउट एकोणसाठात न्यायचा तर शोरूममधल्या प्रत्येक गाडीच्या बाजूच्या काचेवर दोन-तीन मिलिमीटरचा पांढरा चौकोन लावावा लागेल. शोरूममधल्या सत्तावन्नच्या गाड्या तेव्हा मैदानाच्या पुढच्या ओळीत येतील, अर्धी चमक मारून, आणि मागच्या ओळीतली एक्केचाळीसची गाडी मैदानातून काढून टाकायला हरकत नाही.