अंगठा, आधार आणि आपला हक्क

आजच्या संगणक युगात माणसाची ओळख त्याच्या बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे व चेहरा यांवरून पटविली जाते. यालाच बायोमेट्रिक पद्धत म्हणतात. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. ज्याच्याजवळ ओळखीचा कागद नाही त्या गरिबाला ओळख मिळावी, हा हेतू चांगलाच होता.

परंतु विटा-सिमेंट उचलणारे, धुणीभांडी करणारे, साफसफाई करणारे यांच्या बोटांवरील रेषा झिजतात. वयोमानानेही त्या पुसट होतात. मग रेशन दुकानातील यंत्र अंगठा घेत नाही. ही कामे पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजांच्या वाट्याला आली, त्यांनाच याचा जाच अधिक.

दुसरा प्रश्न खाजगीपणाचा. आम्ही बँकेत नोकरी करतो. खातेदाराला अर्ज देऊन सही बदलता येते. चोरीस गेलेला ठसा मात्र जन्मभर बदलता येत नाही. शिवाय इतिहास विसरून चालणार नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. पुढे त्यांच्या बोटांचे ठसेही पोलिसांच्या दप्तरी गेले. हा कलंक कायद्याने पुसला गेला तो १९५२ साली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. नागरिकाचे शरीर, घर व कागदपत्रे यांची अकारण झडती होऊ नये, असा मूलभूत हक्क त्यात त्यांनी मागितला होता. तो त्या स्वरूपात संविधानात आला नाही. मात्र २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सरकारी लाभांसाठी आधार वैध ठरले. पण बँक खाते व मोबाईल यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. ठसा जुळला नाही म्हणून पात्र व्यक्तीला लाभ नाकारू नये, हेही या निकालात स्पष्ट झाले.

म्हणून अंगठा जुळला नाही तर रिकाम्या हाती परतू नका. डोळ्यांची तपासणी, ओटीपी असा पर्याय मागा. न मिळाल्यास रेशनिंग ऑफिसात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आपले ठसे आधारच्या संकेतस्थळावरून ‘लॉक’ करून ठेवता येतात. विद्यार्थी मित्रांनो, वस्तीतील वडीलधाऱ्यांना एवढे समजावून सांगा, अर्ज लिहून द्या. यंत्राने अंगठा नाकारला, तरी माणसाचा हक्क नाकारला जात नाही.