खापर ज्वालामुखीच्या माथी

धरणीच धूर ओकते, मग आमच्या मोटारींनाच दोष का, असा युक्तिवाद अधूनमधून कानी पडतो. हिशेबाला तो टिकत नाही. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबो पर्वताचा प्रचंड उद्रेक झाला. त्यातून सुमारे ५ कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडला, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कोळसा व तेल जाळून मनुष्यजात आज तेवढा वायू अवघ्या अर्ध्या दिवसात हवेत सोडते! उलट, त्या उद्रेकातील गंधकवायूमुळे सूर्यप्रकाश अडून पृथ्वी काही काळ सुमारे अर्धा अंश थंडावली. गंमत अशी, की या वायूचे मोजमाप १९५८ साली सुरू झाले तेही हवाई बेटांतील मौना लोआ ज्वालामुखीच्याच उतारावर. तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. पिनाटुबोनंतर त्या आलेखाने उसळी घेतली नाही. त्याची चढण काहीशी मंदावलीच.