सरदारांची कोळंबी, कोळ्यांचं गाव

मुंबईतल्या बहुतेक बार-रेस्टॉरंटच्या मेनूकार्डावर 'प्रॉन्स कोळीवाडा' हमखास असतो. बंगळुरूपासून दिल्लीपर्यंत तो मागवणाऱ्यांची समजूत अशी, की हा मुंबईच्या कोळ्यांचा घरगुती पदार्थ. नावातला कोळीवाडा खरा आहे. तो शीवचा. पदार्थ मात्र फाळणीनंतर तिथे येऊन राहिलेल्या पंजाबी निर्वासितांच्या कढईतून बाहेर पडला. त्याचा पत्ता शोधायचा तर हार्बर मार्गावरच्या गुरू तेग बहादूर नगर स्थानकात उतरावं लागतं. या स्थानकाचं जुनं नाव कोळीवाडा. आजही जुन्या माणसांच्या तोंडी तेच आहे.

शीव म्हणजे मुंबई बेटाचं उत्तरेकडचं टोक. पलीकडे साष्टी पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाडीवर बांध पडला आणि बेट साष्टीला जोडलं गेलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी शीववरूनच गेली. या सगळ्याच्या आधीपासून इथे कोळ्यांची वस्ती होती. आसपास खाडी, तिवरं आणि मिठागरं. भराव पडत गेले, खाडीचं पाणी नासलं आणि दारातली मासेमारी संपत आली. कोळीवाडा मात्र आपल्या गल्ल्या, देवळं आणि सणवार घेऊन टिकून राहिला.

१९४७ मध्ये या वस्तीला नवे शेजारी मिळाले. फाळणीत घरदार सोडून मुंबईत आलेल्या पंजाबी आणि सिंधी कुटुंबांची सोय करण्यासाठी शीव कोळीवाडा, चेंबूर, मुलुंड आणि कल्याणच्या लष्करी बराकी उघडण्यात आल्या. शिखांना हा परिसर अगदीच परका नव्हता. जवळच माटुंग्याला १९३७ मध्ये खालसा कॉलेज सुरू झालं होतं आणि त्याच्या उभारणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुढाकार होता. पण कॉलेज असणं वेगळं आणि हातात काही नसताना संसार नव्यानं मांडणं वेगळं. पुढे बराकींच्या जागी इमारती झाल्या, गुरुद्वारा झाला. कुणी मोटारीच्या सुट्या भागांच्या धंद्यात शिरलं, कुणी ट्रक घेतले, कुणी कढई चढवली.

या कढईतला मसाला अमृतसरचा होता. अमृतसरला नदीतल्या माशाचे तुकडे बेसन, ओवा, लाल तिखट आणि आलं-लसणात घोळवून तळतात. शीवला तो मासा कुठून मिळणार? इथे मिळायची अरबी समुद्रातली कोळंबी, आणि ती विकणाऱ्या कोळणी हाकेच्या अंतरावर. गावाकडची रीत आणि नव्या मुलखातला माल असा मेळ बसला. 'हा पदार्थ पहिल्यांदा मी केला' असं सांगणारे दावे एकाहून अधिक आहेत. एका माणसाच्या नावावर तो चढवण्यापेक्षा श्रेय सगळ्या वसाहतीला द्यावं, हे मला रास्त वाटतं. 'हजारा'सारख्या इथल्या जुन्या खाणावळींनी ही चव राखली आणि तिच्यासाठी लांबून येणारं गिऱ्हाईक जोडलं.

जुन्या पद्धतीच्या तळणीत काय होतं, ते सावकाश पाहण्यासारखं आहे. कोळंबी सोलून पाठीतला काळा दोरा काढायचा, शेपटी ठेवायची. धुऊन पाणी पूर्ण निथळू द्यायचं, कारण ओल्या कोळंबीला पीठ धरत नाही. मग मीठ, लिंबू, आलं-लसूण आणि लाल तिखट लावायचं. ओवा तळहातावर चुरडून टाकायचा, म्हणजे त्याचा उग्र वास मोकळा होतो. बेसन इतकंच घ्यायचं, की कोळंबीला पातळ साय धरेल आणि तिचा आकार लपणार नाही. पहिला घाणा अर्धवट तळून काढून ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की मोठ्या आचेवर दुसऱ्यांदा तळायचं. दुसऱ्या तळणीत बाहेरचं पीठ कडक होतं आणि आतली कोळंबी रबरासारखी होण्याआधी कढईबाहेर येते. हे सगळं काही क्षणांचं काम. तळणारा घड्याळाकडे बघत नाही. तेलाचा आवाज बारीक झाला की झारा घालतो. वरून चाट मसाला, बाजूला कांदा, लिंबू आणि हिरवी चटणी.

या वर्णनात लाल रंग नाही, मैदा नाही, कॉर्नफ्लोअर नाही, कढीपत्ताही नाही. नव्या रेस्टॉरंटांत हे चारही सापडतात. एसी हॉलमध्ये मिळणारा प्रॉन्स कोळीवाडा पुष्कळदा लालभडक असतो. कॉर्नफ्लोअरमुळे तो काचेसारखा कुरकुरतो आणि त्यावर तळलेला कढीपत्ता आणि उभी चिरलेली मिरची पसरलेली असते. म्हणजे चायनीजच्या गाडीवरची कला इथे उतरली. कोळंबी बर्फातली असली तर ती चव देत नाही, मग चव द्यायचं काम मसाल्यावर पडतं. त्यात आता पदार्थ घरपोच जाऊ लागले. तळलेली कोळंबी बंद डब्यात अर्धा तास राहिली की स्वतःच्याच वाफेनं मऊ पडते. कॉर्नफ्लोअर त्या वाफेपुढे बेसनापेक्षा जास्त वेळ टिकतं, त्यामुळे धंद्याच्या दृष्टीनं तो बदल समजण्यासारखा आहे. शिवाय नव्या जागी बायकामुलांना घेऊन निवांत बसता येतं, स्वच्छता असते आणि शाकाहारी पाहुण्यांसाठी 'पनीर कोळीवाडा' निघतो. या सोयींना मी कमी लेखत नाही. चवीचा निवाडा मात्र ओव्यावर होतो. पहिल्या घासाला ओवा जाणवला आणि पाठोपाठ कोळंबीचा गोडवा आला, तर ती कढई शीवची परंपरा सांगते. नुसतं तिखट आणि कुरकुर लागली, तर नाव तेवढं शीवचं.

शीवची खाद्यओळख एका पदार्थापाशी थांबत नाही. पश्चिमेला एसआयईएस कॉलेजजवळचं 'गुरुकृपा' हे सिंधी वळणाचं दुकान समोशासाठी मुंबईभर ठाऊक आहे. त्याचा छोले-समोसा खायला गर्दी असतेच, शिवाय शहरातल्या कँटीनांत आणि थिएटरांतही त्याचा समोसा पोहोचला. दक्षिणेकडे किंग्ज सर्कल आणि माटुंग्याला 'कॅफे मद्रास' १९४० पासून आणि रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. दोन-तीन किलोमीटरांच्या या पट्ट्यात घरापासून लांब आलेल्या माणसांनी आधी आपल्या लोकांची भूक भागवली, आणि मग तीच चव सगळ्या शहराची झाली.

जगात याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कच्या ज्यू डेलींचं, म्हणजे मुरवलेलं मांस आणि सँडविच विकणाऱ्या दुकानांचं. लोअर ईस्ट साइडचं 'कॅट्झ' हे दुकान १८८८ पासूनचा वारसा सांगतं. रोमानियातून आलेल्या ज्यूंनी मांस मिठाच्या मसालेदार पाण्यात मुरवून, मिरी-धणे चोळून धुरावण्याची रीत सोबत आणली. मायदेशी त्यासाठी बदक जातीतला हंस किंवा मेंढी वापरत. अमेरिकेत गोमांस स्वस्त होतं, म्हणून पास्ट्रामी नावाचा हा पदार्थ गोमांसाचा झाला आणि मोहरीच्या चटणीसह राय धान्याच्या पावात बसला. रीत गावाकडची, माल नव्या मुलखाचा, हा तोच शीवचा हिशेब. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, डेलींची संख्या दीड हजारांच्या घरात होती. आज त्यांतल्या मोजक्याच उरल्या आहेत. पुढची पिढी शिकून दुसऱ्या व्यवसायांत गेली, गिऱ्हाईक उपनगरांत राहायला गेलं, भाडी वाढली. मग २०१० च्या सुमारास तरुणांनी नव्या डेली काढल्या. ब्रुकलिनचं 'माइल एंड' त्यांतलंच. त्यांनी बाहेरून तयार मांस आणायचं सोडून दुकानातच मुरवायला आणि धुरावायला सुरुवात केली. त्यामुळे तिथे नव्यांपैकी काही दुकानं जुन्या रीतीच्या अधिक जवळ गेली.

ज्यूंच्या आहारनियमांत कोळंबी बसत नाही. खवले आणि पर असलेला मासाच चालतो. म्हणून आपल्या कोकणातले बेने इस्रायली पापलेट, सुरमई खातात आणि कोळंबी वर्ज्य मानतात. पण मुंबईच्या मासळीबाजारावर एका ज्यू घराण्याचा ठसा आहे. शहराला मासळी पुरवणाऱ्या बंदरांपैकी एक असलेला कुलाब्याचा ससून डॉक बगदादी ज्यू ससून कुटुंबानं बांधला आणि १८७५ मध्ये तो सुरू झाला. मुंबईत स्थलांतरितांच्या गोष्टी अशाच एकमेकांत गुंतलेल्या सापडतात.

या सगळ्यात मूळ रहिवाशांच्या ताटाचं काय? कोळ्याघरची कोळंबी बेसनात जात नाही. तिचं कालवण होतं, नाहीतर कांद्यावर परतलेलं सुकं. उन्हात वाळवलेले सोडे पावसाळ्यात कामाला येतात, कारण १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात कुटून बरणीत भरलेला असतो, आणि त्याचा रंग नि वास घराघराचा वेगळा. सोबत तांदळाची भाकरी. कोळीवाडा हे नाव देशभर मिरवलं गेलं, पण हे ताट त्या नावाबरोबर कुठेच गेलं नाही. ही उणीव आता भरून निघू लागली आहे. वेसाव्याच्या कोळी सी फूड महोत्सवानं वाट दाखवली. २०२३ च्या अखेरीस महापालिकेच्या पुढाकारानं माहीम कोळीवाड्यात कोळी महिलांच्या बचत गटांनी सी फूड प्लाझा सुरू केला. तिथे चिंबोरी, बोंबील, तिसऱ्या आणि कोळंबी कोळणीच्या हातची मिळू लागली. ब्रुकलिनच्या तरुणांनी जे दुकान काढून केलं, ते इथे बायकांनी किनाऱ्यावर चूल मांडून केलं. शीवमध्ये असं काही उभं राहिलं, तर एकाच गल्लीत सरदारांची कोळंबी आणि कोळ्यांची कोळंबी शेजारी शेजारी खायला मिळेल. अशी जोडी मुंबईत दुसरीकडे मिळणं अवघड.

त्यासाठी जागा राहिली पाहिजे, आणि नेमका प्रश्न तिथेच आहे. निर्वासितांसाठी बांधलेल्या पंजाबी वसाहतीतल्या २५ इमारती धोकादायक ठरून पाडल्या गेल्या. सुमारे १,२०० कुटुंबांना घर सोडून भाड्यानं राहावं लागलं. एकदा निर्वासित म्हणून आलेल्या घरांवर दुसऱ्यांदा ही वेळ आली. म्हाडामार्फत पुनर्विकास करायला राज्य सरकारनं २०२४ मध्ये मंजुरी दिली. पलीकडे कोळीवाड्यातही पुनर्विकासाचा वाद जुना आहे. २०१२ मध्ये घरं पाडण्याविरुद्ध इथल्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. घरं पक्की व्हायलाच हवीत, त्याबद्दल दुमत नाही. पण आराखड्यात फक्त सदनिकांचे चौरस फूट मोजले जातात. तळमजल्यावरची खाणावळ, मासळी विकायचा ओटा, सोडे वाळत घालायची मोकळी जागा यांचा हिशेब कुणी मांडत नाही. खाणावळ उठली की आचारी पांगतात, आचारी पांगले की हात जातो, आणि हाताची गोष्ट मेनूकार्डावर उतरवून ठेवता येत नाही. न्यूयॉर्कच्या शेकडो डेली मागणी संपली म्हणून बंद पडल्या, असं म्हणणं अर्धवट ठरेल. वस्ती पांगली आणि भाडी परवडेनात, हेही तितकंच मोठं कारण होतं. शीवला हा धडा आधीच हाताशी आहे.

इथे यायला हार्बर मार्गावरचं गुरू तेग बहादूर नगर स्थानक सगळ्यांत सोयीचं. मध्य मार्गावरून येणाऱ्यांनी शीवला उतरून रिक्षा-टॅक्सी किंवा बस घ्यावी. शीवचा जुना रेल्वे उड्डाणपूल ऑगस्ट २०२४ पासून नव्या बांधकामासाठी वाहनांना बंद झाला, म्हणून पश्चिमेकडून गाडीनं येणाऱ्यांनी रस्ता आधी विचारून घ्यावा. दुपारी शीवचा किल्ला चढून जा. वरून खाडी आणि मिठागरांचा परिसर दिसतो आणि बेटाची जुनी हद्द ध्यानात येते. खाली उतरून कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून एक फेरी मारा. संध्याकाळी खाणावळींच्या कढया तापल्या की एखाद्या जुन्या जागी बसा आणि रंग न घातलेली कोळंबी आहे का, ते विचारा. दुसऱ्या दिवशी एखाद्या नव्या रेस्टॉरंटमध्ये तोच पदार्थ मागवून चव ताडून पाहा. आणि एखाद्या कोळीवाड्यात कोळणीच्या हातचं कालवण मिळालं तर तेही खा, म्हणजे कोळीवाडा या नावाची दोन्ही घरं पाहून होतील. गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात एवढंच आहे: ज्यांनी हा पदार्थ घडवला आणि ज्यांच्या गावाचं नाव तो वागवतो, त्या दोघांच्या चुलीपर्यंत स्वतः जायचं आणि तिथेच पैसे मोजायचे.