बासमतीचा भात बिघडतो, तेव्हां दोष कोणाचा ?

स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या मनुष्यास भात येतोच, असें आपल्याकडे गृहीत धरलेलें असतें. पुरणपोळी फाटली किंवा अनारसा तुपांत हसला, तर "तें कठीणच काम" म्हणून कोणी तरी समजूत घालतें. परंतु भात बिघडला म्हणजे करणाराची जी शोभा होते, ती विचारूं नये. त्यांतही तो भात बासमतीचा असला, म्हणजे पैसे गेल्याची हळहळ निराळीच.

आमच्याच घरीं गतवर्षीं घडलेला प्रसंग सांगतों. पुतणीचें केळवण होतें, पानें पंचवीस. जिलबी बाहेरून आणिली होती, मसालेभात वहिनींनीं केला, आणि केशरी साखरभाताचें काम धाकट्या सूनबाईंनीं हौसेनें अंगावर घेतलें. त्यांचें लग्न होऊन तेव्हां पुरतें वर्षही झालें नव्हतें. दोन वाट्या बासमतीचा भात त्यांनीं घरच्या मंडळींपुरता त्यापूर्वीं दोन-तीनदां केला होता, व तो उत्तम मोकळा झाला होता. त्याच मापानें त्यांनीं आठ वाट्या तांदूळ चढविले. झाकण काढून पाहतात तों तळाशीं लगदा आणि वर गोळे. पाकांत घातल्यावर तर त्याचा जवळजवळ शिराच झाला. पंक्तींत कोणी शब्द काढला नाहीं. पण आंत आमच्या आत्याबाई, सर्वांस ऐकूं जाईल अशा बेतानें, म्हणाल्या, "भाताएवढें तरी शिकवून पाठवायचें होतें हो माहेरच्यांनीं !" सूनबाई त्यानंतर वाढावयास बाहेर आल्या नाहींत.

हा टोमणा आमच्याही मनास लागला; कारण तांदूळ आणणारे आम्हीच होतों. दुसऱ्या दिवशीं पिशवींतले उरलेले तांदूळ ताटांत ओतून पाहिले. दुकानदारानें "दोन वर्षांचा जुना" म्हणून दिलेला तो माल त्या हंगामाचाच नवा असावा, अशी शंका आली. त्यांतले दोन वाट्या तांदूळ सूनबाईंकडून नेहमीच्या मापानें शिजवून घेतले, तों भात चिकट झाला खरा, पण लगदा कांहीं झाला नाहीं. म्हणजे तांदूळ नवा, हें अर्धेंच कारण. उरलेलें अर्धें शोधण्यासाठीं आम्ही व सूनबाई पुढले चार-पांच रविवार तराजू, वाटी आणि घड्याळ घेऊन शेगडीपाशीं बसलों. (घरांतील इतर पुरुषमंडळींनीं आमची यथेच्छ चेष्टा केली, हें सांगणें नलगे, प्रयोगाचा भात मात्र त्यांनींच संपविला.)

बासमती हा आपल्या इकडचा तांदूळ नव्हे. हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश हें त्याचें घर. २०१६ सालीं त्यास भौगोलिक मानांकन मिळालें, तें पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड हे प्रांत आणि उत्तर प्रदेश व जम्मू-काश्मीर यांचे कांहीं भाग एवढ्यापुरतेंच आहे; सीमेपलीकडील पंजाबांतही तो पूर्वापार पिकतो. डेहराडूनच्या तांदुळाविषयीं तर अशी आख्यायिका आहे कीं, अफगाणिस्तानचा अमीर दोस्त महंमद १८४० नंतर इंग्रजांच्या कैदेंत मसुरीस होता, तेव्हां त्यानें तें बीं आणविलें. लाहोरजवळच्या काला शाह काकू येथील भातसंशोधन केंद्रानें १९३३ सालीं 'बासमती ३७०' ही निवडक जात बाहेर काढली. पुढें दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत 'पुसा बासमती' ह्या संकरित जाती तयार झाल्या. ह्यांपैकीं २००३ सालीं आलेल्या ११२१ क्रमांकाच्या जातीचा दाणा अतिशय लांब, पण वास जुन्या जातींच्या मानानें बेताचा. तेव्हां पिशवीवर 'बासमती' हीं चार अक्षरें आहेत म्हणून आंतील तांदूळ एकाच स्वभावाचा असेल, असें समजूं नये. नव्या पिशवीचा मूठभर तांदूळ आधीं शिजवून पाहावा. आम्हीं हें केलें असतें, तर केळवणाच्या दिवशींचा निम्मा अनर्थ टळला असता.

आतां जुन्या-नव्याचा भेद कां, तें पाहूं. तांदुळांतील पिष्ट दोन प्रकारचें असतें : अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. दुसरें जितकें अधिक, तितका भात चिकट. बासमतींत पहिल्याचें प्रमाण साधारणपणें शेंकडा २० ते २५ असतें, म्हणून त्याचीं शितें एकमेकांस धरीत नाहींत. परंतु हा गुण पुरता प्रगट होण्यास तांदूळ मुरावा लागतो. सांठवणींत दाणा हळूहळू वाळतो, त्याचें अंग कठीण होतें, आणि मग तो शिजतांना पिष्ट बाहेर कमी सोडतो, पाणी अधिक पितो व लांबीनें वाढतो. चांगला जुना बासमती शिजल्यावर लांबीला जवळजवळ दुप्पट होतो, पण जाडीला फारसा फुगत नाहीं. नव्या तांदुळाचें पिष्ट पाण्यांत उतरतें, आणि तीच खळ शितांना एकत्र चिकटविते. जुना दाणा किंचित् पिवळसर दिसतो, नवा पांढराफेक. पण डोळ्यांवर फार विसंबूं नये. नवाच पदरीं पडला, तर पाणी वाटीमागें दोन-तीन चमचे कमी घालावें, किंवा पुढें सांगितल्याप्रमाणें तो वेळून काढावा.

तांदूळ धुतांना दोन्ही तळव्यांमध्यें चोळूं नयेत. पसरट भांड्यांत पाणी घेऊन बोटांनीं हलकेच फिरवावे व पाणी ओतून द्यावें. असें तीन-चार वेळां केलें म्हणजे गिरणींत दाण्यास चिकटलेलें पीठ निघून जातें. नंतर अर्धा तास भिजत ठेवावे. हा अर्धा तास पुष्कळ घरांत घाईच्या नांवाखालीं कापला जातो, आणि भात तुटतो तो येथेंच. शंभर ग्रॅम कोरडे तांदूळ अर्ध्या तासांत पंचवीस ते तीस ग्रॅम पाणी पितात, असें आमच्या तराजूनें सांगितलें. पाणी गाभ्यापर्यंत गेलें म्हणजे दाणा आंतबाहेर एकाच वेळीं शिजतो. न भिजविलेल्याचें अंग फुटूं लागतें, तरी पोटांत कणी राहते. तासाहून अधिक मात्र भिजवूं नये, दाणा ठिसूळ होतो. भिजलेले तांदूळ रोवळींत उपसून दहा मिनिटें निथळत ठेवावे.

आणि आतां सूनबाईंच्या मापाची गोष्ट. घरच्या दोन वाट्या तांदुळांस त्या साडेतीन वाट्या पाणी घालीत. जुन्या तांदुळास तें चालून जाई. आठ वाट्यांस त्याच हिशेबानें चौदा वाट्या पाणी गेलें. गणित अचूक, चूक निराळीच आहे. भिजवून निथळलेला एक वाटी तांदूळ शिजतांना जेमतेम वाटीभर पाणी, फार तर त्याहून किंचित् अधिक, आपल्या अंगांत घेतो. त्यावर आपण जें अर्धी-पाऊण वाटी घालतों, तें वाफ होऊन जाण्यासाठीं असतें. वाफ किती जाते, हें भांड्याचें तोंड, झाकणाची घट्टपणा-सैलपणा आणि शेगडीवरचा वेळ ह्यांवर अवलंबून. तांदूळ चौपट केल्यानें ती चौपट होत नाहीं. मोठ्या पातेल्यांत ती थोडीशीच वाढते. राहिलेलें पाणी जाणार कोठें ? तें भातांतच मुरतें, आणि शिवाय वरच्या थराचें ओझें खालच्या मऊ शितांवर पडून तीं चेंगरतात. आमच्या अनुभवास आलेलें माप असें : भिजविलेल्या एका वाटीस दीड वाटी पाणी, दोन वाट्यांस पावणेतीन, चार वाट्यांस सवापांच, आणि आठ वाट्यांस दहा. प्रत्येक घरच्या झाकणाप्रमाणें ह्यांत थोडा फरक पडेल. आठ वाट्या एका भांड्यांत करण्यापेक्षां चार-चार वाट्यांचीं दोन पसरट पातेलीं केव्हांही बरीं.

ही गोष्ट कळली, त्या रविवारीं सूनबाई कांहीं वेळ वाटीकडे पाहत स्वस्थ बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाबा, माझें माप चुकलें नव्हतें, तें तिथें लागूच नव्हतें." आम्हांस इतकें नेमकें सांगतां आलें नसतें.

शिजविण्याची रीत थोडक्यांत अशी. जाड बुडाच्या पातेल्यांत मोजून पाणी घेऊन आधण आणावें. त्यांत मीठ, चमचाभर तूप आणि लिंबाचे चार-सहा थेंब घालावे. लिंबानें भात शुभ्र राहतो, कारण पाणी जड व क्षारयुक्त असलें म्हणजे तांदुळाच्या अंगचे रंग पिवळसर दिसूं लागतात. तांदूळ घातल्यावर उलथन्याच्या कडेनें एकदांच हलवावें. त्यानंतर डाव, चमचा, उलथनें ह्यांपैकीं कशाचाही स्पर्श होऊं देऊं नये. पुन्हां उकळी फुटली कीं घट्ट झाकण ठेवून गॅस अगदीं बारीक करावा. शेगडीची ज्योत पुरेशी बारीक होत नसेल तर पातेल्याखालीं तवा सरकवावा. दहा ते बारा मिनिटांत पाणी आटून वर लहान लहान भोंकें दिसतात. तेव्हां गॅस बंद करावा, झाकणास कोरडें स्वच्छ फडकें गुंडाळून त्याचीं टोकें वर बांधावीं, आणि तेंच झाकण ठेवून दहा मिनिटें भात तसाच राहूं द्यावा. फडक्यानें वाफेचे थेंब टिपले जातात. एरवीं ते परत भातावर गळतात व वरचीं शितें गिच्च करतात. फडकें ज्योत विझल्यावरच लावावें, हें सांगावयास नकोच. पण सांगून ठेवितों. ह्या दहा मिनिटांत वरचा ओलावा खालीं आणि खालचा वर असा सारखा होतो व शितें घट्ट होतात. घाईनें ढवळलेला गरम भात हटकून मोडतो.

मोठ्या पंक्तीचा प्रसंग असेल, किंवा तांदुळाच्या वयाची खात्री नसेल, तर आमचा सल्ला जुन्या रीतीचा आहे : भात वेळून काढावा. तांदुळाच्या सात-आठ पट पाणी खळखळ उकळून, त्यांत मीठ व भिजलेले तांदूळ घालून झाकण न ठेवतां पांच-सहा मिनिटें शिजवावें. येथें 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण अक्षरशः पाळावयाची : चौथ्या मिनिटापासून एकेक शीत बोटांत चेपून पाहावें. मध्यें केसाएवढी पांढरी रेघ उरली असतां पाणी वेळावें, आणि भात पातेल्यांत परत घालून अगदीं मंद आंचेवर, झाकणावर वजन ठेवून, दहा मिनिटें वाफ द्यावी. मापाची चूक होण्यास येथें जागाच नाहीं, व बाहेर आलेलें पिष्ट पाण्याबरोबर निघून जातें. त्याबरोबर थोडें जीवनसत्त्वही जातें, हा आक्षेप खरा आहे. जावा बेटांत सडीक तांदुळावर पोसलेल्या कोंबड्यांस होणारा रोग पाहून डॉ. आइकमन ह्यांनीं १८९० नंतरच्या दशकांत जो शोध लावला, व ज्यासाठीं त्यांस १९२९ चें नोबेल पारितोषिक मिळालें, तो तांदुळाच्या कोंड्यांतील ह्याच सत्त्वाचा. पांढऱ्या तांदुळांत तें मुळांतच थोडें उरलेलें असतें. तेव्हां तें वेळलेलें पाणी मोरींत ओतूं नये. आमटींत घालावें, अथवा जिरें-मीठ-तूप घालून घरांतील वृद्धांस द्यावें.

साखरभात वा नारळीभात करणारांस एक सूचना अधिक. साखर घातल्यावर दाणा आणखी मऊ होत नाहीं, उलट ताठरतो. म्हणून ह्या भातास कणी मुळींच ठेवूं नये. पुरता शिजवून परातींत पसरून निववावा, आणि मगच पाकांत घालावा. पाक पाणी सोडतो, हें लक्षांत घेऊन भात कोरडाच हवा.

इतकें लिहूनही बासमती रोजच्या पानावर यावा, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याची मूद पडत नाहीं. वाटी उपडी केली कीं शितें पानभर पळतात, आणि वरण खालीं वाहून जातें. बोटांनीं कालवून खाण्याच्या आपल्या वरण-भातास, ताक-भातास आंबेमोहोरासारखा, आंखूड दाण्याचा, एकमेकांस धरून राहणारा भातच हवा. मुळशीचा आंबेमोहोर आणि आजऱ्याचा घनसाळ ह्यांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे, आणि वासांत ते बासमतीला हार जाणारे नव्हेत. त्या सुवासाचें मुख्य द्रव्य रसायनशास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं शोधून काढलें. ह्या दोन्ही मुलखांच्या सुवासिक तांदुळांत तें एकच आहे. फडफडीत भाताचा हव्यास धरून कुकरमधला रोजचा मऊ भात कोणी हिणवूं लागला, तर तो घरांतील म्हाताऱ्यांच्या व मुलांच्या पोटावरच अन्याय होईल.

यंदाच्या नारळी पौर्णिमेस सूनबाईंनीं आपण होऊन नारळीभात करावयास घेतला. तांदूळ आठ वाट्या, पातेलीं दोन, आणि चार दिवस आधीं मूठभर शिजवून पाहिलेली पिशवी. भात पानांवर पडला, तेव्हां एकेक शीत निराळें दिसत होतें. आत्याबाईंनीं एक शीत उचलून बोटांत चेपलें, खाल्लें, आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तांदूळ चांगला मिळाला हो या खेपेस तुम्हांला !"

सूनबाईंनीं कांहीं न बोलतां त्यांच्या पानांत आणखी एक डाव वाढला. आत्याबाई नको म्हणाल्या नाहींत.