कोपरे काळे आले म्हणून लेन्स खराब होत नाही

दिवाळी आटोपून झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, वडसा या पट्ट्यातल्या फोटोग्राफरांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "फुल फ्रेम घेतला अन् लेन्स बिघडली ना भाऊ. कोपरे काळे येऊन राहिले." लेन्स असते ५० किंवा ८५ मिमीची, एफ/१.२ नाहीतर एफ/१.४. लग्नसराईची कमाई तिच्यात गेलेली असते. मग कोणी तरी छातीठोकपणे सांगतो की डुप्लिकेट माल गळ्यात मारला, आणि धडधाकट लेन्स पडत्या भावात विकली जाते. हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा तरी भिंग हातात घेऊन त्यातून नीट पाहावं. कोपरे काळे पडणं म्हणजेच व्हिनेटिंग. अतिफास्ट लेन्स पूर्ण उघडी ठेवली की ते होतंच, आणि जगातल्या सगळ्यात महागड्या लेन्समध्येही होतं.

लेन्सवरचा एफ-आकडा फोकल लेंग्थला भिंगातून दिसणाऱ्या उघड्या छिद्राच्या व्यासाने भागून येतो. ५० मिमी एफ/१.२ म्हणजे सुमारे ४२ मिमीचं छिद्र. पण हे छिद्र लेन्सच्या अगदी समोरून पाहिलं तरच एवढं असतं. दोन बांगड्या थोडं अंतर ठेवून एकीमागे एक धरा. सरळ पाहिलं तर पूर्ण गोल दिसतो. जरा तिरकं पाहिलं की एक बांगडी दुसरीची कड कापते आणि मधे फक्त डोळ्याच्या आकाराची फट उरते. लेन्समध्ये पुढच्या आणि मागच्या भिंगाच्या कडा हेच करतात. चौकटीच्या मध्याला पूर्ण गोलातून उजेड मिळतो, कोपऱ्याला त्या फटीतून. एफ/१.२ हा चौकटीच्या मध्याचा आकडा आहे, कोपऱ्याचा नाही. एवढं ध्यानात घेतलं तर निम्मे गैरसमज तिथेच संपतात.

आता हिशोब पाहू. कोपऱ्यात दोन स्टॉपची घट असेल, आणि अशा लेन्समध्ये तेवढी असणं अगदी सर्वसाधारण आहे, तर तिथे मध्याच्या एक चतुर्थांश उजेड पोचतो. म्हणजे मध्याला एफ/१.२ असलेली लेन्स कोपऱ्यात एफ/२.४ असते. नाटकाच्या शेवटी सगळी मंडळी रंगमंचावर ओळीने उभी राहतात, तेव्हा मधला नायक झळाळतो आणि टोकाची दोन माणसं काळवंडतात. बोलणी मात्र लाइटवाल्याला बसतात. त्याचा काही दोष नसतो.

शंका असेल तर कंपन्यांचेच कागद पाहा. लायका आणि झाइस आपल्या लेन्सच्या माहितीपत्रकात कोपऱ्यातल्या उजेडाची आकडेवारी देतात. लायकाच्या ५० मिमी एफ/०.९५ नॉक्टिलक्सचं पत्रक पूर्ण उघड्या छिद्राला कोपऱ्यात सुमारे तीन स्टॉपची घट सांगतं. म्हणजे आठवा हिस्सा उजेड. काही लाखांची ही लेन्स कोणी डुप्लिकेट म्हणणार आहे का?

मग भिंगं मोठी का करत नाहीत? करतात. निकॉनची ५८ मिमी एफ/०.९५ नॉक्ट २०१९ साली आली, ती दोन किलोची आहे. तिचेही कोपरे पूर्ण उघड्या छिद्राला मध्याएवढे उजळ नसतात. कोपऱ्यालाही पूर्ण गोल दिसावा असं भिंग करायचं, तर वजन, किंमत आणि इतर दोष एवढे वाढतात की ते कोणी खांद्यावर घेणार नाही. बनवणाऱ्यांनी ही तडजोड जाणूनबुजून केलेली असते.

"एफ/२.८ ला आणलं की कोपरे उजळतात" हे वाक्यही दुरुस्त करायला हवं. कोपऱ्यात जास्तीचा उजेड कुठूनच येत नाही. छिद्र लहान केलं की मध्यावरचा उजेड कमी होतो, कोपरा आधीपासूनच कमी उजेडावर असतो, आणि दोन्ही जवळजवळ एका पातळीला येतात. त्यानंतर शटर मंद करून किंवा आयएसओ वाढवून आपण सगळंच उजळ करतो. थोडी घट तरीही उरते, कारण तिरपा किरण सेन्सरवर पसरून पडतो आणि कोन वाढेल तसा उजेड कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. ५० मिमीला कोपऱ्यात या नियमाने सुमारे ७० टक्के उजेड उरतो. ४०० मिमीला ९९ टक्के.

म्हणूनच ताडोब्यात ४०० मिमी एफ/२.८ घेऊन येणाऱ्यांना जे काळे कोपरे दिसतात ते सगळं भिंगांच्या कडांचं काम असतं. वाघ चौकटीच्या मधोमध असला तर कोणाच्या लक्षात येत नाही. तलावाचं सपाट पाणी किंवा पांढरं आकाश मागे आलं की लगेच दिसतं. मग जिप्सीच्या हादऱ्यांनी लेन्स हलली अशी चर्चा सुरू होते. वाघामागच्या बांबूंमधून झिरपणारा उजेड मध्याजवळ गोल आणि कडेला डोळ्यासारखा चपटा दिसतो, त्यावरही हाच निष्कर्ष काढतात. तो चपटा आकार म्हणजे वर सांगितलेली फट, जशीच्या तशी फोटोत उतरलेली.

इथेच लेन्सच्या स्वभावाचा मुद्दा येतो. "कोपरे काळे हवे असतील तर सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर ओढा, फरक काय?" असं विचारणारे बरेच आहेत. फरक आहे. स्लायडर फक्त उजेड कमी करतो. लेन्समध्ये छिद्राचा आकारच बदललेला असतो, म्हणून कडेला धूसरपणाही कमी होतो आणि उजेडाचे ठिपके मध्याभोवती फिरल्यासारखे दिसतात. पेट्झव्हालने १८४० साली त्या काळासाठी फार फास्ट असं पोर्ट्रेट भिंग रचलं, त्याच्या चित्रांतली गरगर प्रसिद्ध आहे. आपल्याकडे जुन्या बाजारात मिळणाऱ्या रशियन हेलिओस ४४ मध्येही ती दिसते. झाइसच्या नासे यांनी २०१० साली धूसरपणावर लिहिलेल्या लेखात हे आकृत्यांसह समजावलं आहे. एकट्या माणसाच्या फोटोत हे सुंदर दिसतं. नाटकाच्या ग्रुप फोटोत नको. तिथे एफ/२.८ किंवा एफ/४ वर या. कडेची माणसं फोकसमध्येही राहतील.

उलटा स्लायडर ओढून कोपरे उजळ करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आयएसओ ३२०० ला काढलेल्या फोटोत कोपरा दोन स्टॉप वर आणला, तर तिथला नॉइज १२८०० सारखा होतो. दिवसा चालून जातं, मांडवात रात्री चालत नाही.

आणि फुल फ्रेम घेतल्यावरच हे का सुरू झालं? कारण जुना क्रॉप बॉडीचा कॅमेरा कोपरा कापूनच टाकत होता. त्याचा सेन्सर मध्यापासून सुमारे १४ मिमीवर संपतो, फुल फ्रेमचा साधारण २१.६ मिमीवर. लेन्स पहिल्या दिवसापासून अशीच होती. शिवाय नवे कॅमेरे आपल्या कंपनीच्या लेन्सचे कोपरे जेपेगमध्ये आपोआप उजळतात. विजेचा संपर्क नसलेल्या स्वस्त एफ/०.९५ मॅन्युअल लेन्सला ती सोय मिळत नाही, म्हणून त्या जास्तच काळ्या वाटतात.

बाकीचे समज थोडक्यात. उजेडाच्या धूसर ठिपक्यात एकात एक वर्तुळं दिसली म्हणजे बुरशी लागली असं नाही. ती बहुधा ॲस्फेरिकल भिंगाच्या साच्याची खूण असते, आणि खरी बुरशी मागून टॉर्च मारला की जाळ्यासारखी दिसते. मे महिन्याच्या दुपारी पारा ४६ च्या पुढे असताना दूरचा वाघ मऊ आला, तर जमिनीवरून उठणारी गरम हवा बघा, लेन्स नंतर. अतिफास्ट लेन्स निव्वळ जाहिरातबाजी, हेही खोटं: क्युब्रिकने 'बॅरी लिंडन' (१९७५) मधले मेणबत्तीचे प्रसंग झाइसच्या ५० मिमी एफ/०.७ लेन्सने टिपले, आणि ती लेन्स मुळात नासाच्या चांद्रमोहिमेसाठी बनली होती. जंगलात फ्लॅश चालत नाही, तिथेही एकेक स्टॉप मोलाचा असतो.

लेन्स विकण्याआधी घरीच तपासा. एकसारख्या उजेडातली पांढरी भिंत घ्या, फोकस अनंतावर ठेवा, कॅमेऱ्यातली दुरुस्ती बंद करा, हूड आणि फिल्टर काढा, मग एफ/१.२ पासून एफ/५.६ पर्यंत प्रत्येक स्टॉपला फोटो घ्या आणि दर वेळी मध्याचं एक्स्पोजर सारखं ठेवा. चारही कोपरे सारखे काळे असतील आणि छिद्र लहान करताना उजळत गेले, तर लेन्स ठणठणीत आहे. हूड किंवा फिल्टर लावल्यावरच काळेपणा येत असेल आणि छिद्र लहान करताना त्याची कड अधिक ठळक होत असेल, तर चुकीचा हूड किंवा जाड फिल्टर आड येतोय. एकच कोपरा किंवा एकच बाजू काळी येत असेल, तरच सर्व्हिस सेंटरची वाट धरा.